टेक्स्ट एक्सपांडर इंग्लिशमधे चालतो, मराठीत अडखळतो: नेमकं कुठे बघायचं

टेक्स्ट एक्सपांडर म्हणजे छोटा शॉर्टकट टाइप केला की त्याच्या जागी आधी भरून ठेवलेला मोठा मजकूर टाकणारं सॉफ्टवेअर. त्याबद्दल ही तक्रार पुन्हा पुन्हा येते, फक्त प्रत्येकाच्या तोंडी वेगळी. कोणी म्हणतं इंग्लिशचे शॉर्टकट पटापट चालतात पण कीबोर्ड मराठीवर टाकला की काहीच होत नाही, कोणी म्हणतं चालतं पण आधीचा शब्द खाऊन टाकतं, कोणाच्या मात्रा गळतात, आणि कोणाला नोटिशीच्या जागी मघाशी कॉपी केलेला भलताच मजकूर येऊन पडलेला दिसतो. मग उपाय काय, तर काढून टाका आणि परत इन्स्टॉल करा. त्याने बहुतेक वेळा काही होत नाही कारण सेटिंगची फाइल जिथल्या तिथेच राहते, नवीन इन्स्टॉल तीच फाइल वाचतं आणि चार दिवसांनी परत तेच रडगाणं.

मी हाउसिंग सोसायटीच्या ऑफिसचं काम बघते. सभेच्या नोटिसा, थकबाकीची पत्रं, ना हरकत दाखले, आणि मधेमधे बँकेला, ऑडिटरला इंग्लिश मेल. म्हणजे दर पाच मिनिटांनी भाषा बदलणार, आणि मजकूर मात्र वर्षानुवर्षं तोच. वार्षिक सभेच्या नोटिशीखालचं ते वाक्य बघा: "गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास तहकूब सभा त्याच दिवशी, त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल." हे दर वेळी हाताने कोण टाइप करणार, आणि जुन्या नोटिशीतून कॉपी करायला गेलं की मागच्या वर्षीची तारीख सोबत येते. टेक्स्ट एक्सपांडरला या कामात तोड नाही, फक्त त्याला मराठीसाठी नीट बसवावा लागतो. पुढे लिहिलंय ते मुख्यतः विंडोजवरच्या एस्पान्सोबद्दल, कारण तो फुकट आहे, ओपन सोर्स आहे आणि बरेच जण तोच वापरतात. याच कामाला काही जण ऑटोहॉटकी वापरतात, त्याचं पण येईल मधे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. तुम्ही शॉर्टकट टाइप केल्यावर हे सॉफ्टवेअर तीन कामं करतं: तुमची अक्षरं ओळखतं, मग बॅकस्पेस मारून ती पुसतं, आणि मग तिथे मोठा मजकूर टाकतं. बिघाड या तीनपैकी एकात असतो आणि कुठल्या कामात आहे ते स्क्रीनवर बघूनच कळतं. शॉर्टकट तसाच्या तसा पडून राहिला तर ओळखण्यात गडबड. शॉर्टकटचे तुकडे मागे उरले किंवा आधीचा शब्द कापला गेला तर पुसण्यात. पुसलं नीट पण आलं भलतंच किंवा तुटकं, तर टाकण्यात. हे न बघता सेटिंग बदलत बसलं की एक दुरुस्त होतं आणि दुसरं बिघडतं.

शॉर्टकट ओळखलाच जात नाही

बहुतेकांचा घोळ इथे असतो. समजा तुम्ही ना हरकत दाखल्यासाठी शॉर्टकट ठेवलाय: कोलन आणि मग इंग्लिश एन, ओ, सी. कीबोर्ड इन्स्क्रिप्टवर (प्रत्येक बटणाला ठरलेलं मराठी अक्षर असलेली मांडणी) असताना तीच बटणं दाबली तर कोलनच्या बटणावर छ येतो आणि पुढे "लदम". सॉफ्टवेअरला दिसलं "छलदम". त्याला काय कळणार तुम्हाला दाखला हवाय ते! बरोबर आहे त्याचं.

यावर उपाय सुंदर आहे आणि एकदा केला की भाषा कुठली आहे ते बघायची गरजच राहत नाही. पहिलं, कोलन सोडा आणि सुरुवातीला दोन स्वल्पविराम ठेवा, कारण स्वल्पविराम इंग्लिशमधे आणि इन्स्क्रिप्टमधे एकाच बटणावर आहे आणि लागोपाठ दोन स्वल्पविराम आपण एरवी कधी टाइप करत नाही. दुसरं, एस्पान्सोत एकाच मजकुराला अनेक शॉर्टकट देता येतात, फाइलमधे शॉर्टकटच्या ओळीत ट्रिगर ऐवजी ट्रिगर्स लिहायचं आणि चौकटी कंसात यादी द्यायची, प्रत्येक शॉर्टकट अवतरण चिन्हात. त्या यादीत एक इंग्लिश एन-ओ-सी वाला ठेवा आणि दुसरा ",,लदम". बोटं तीच बटणं दाबतात, कीबोर्ड कुठल्याही भाषेत असो दाखला येणारच. वार्षिक सभेच्या नोटिशीला मी व्ही आणि एम ठेवलंय, त्याचं मराठीत ",,नस" होतं.

अक्षरं निवडताना एक पथ्य पाळा. इन्स्क्रिप्टच्या डाव्या हाताला बहुतेक मात्रा आहेत, त्यामुळे एजीएम असा शॉर्टकट मनात आला तरी ठेवू नका, त्याचं मराठीत ओकाराची मात्रा, उकार आणि मग स असं विचित्र काहीतरी होतं, सुटी मात्रा स्वल्पविरामाला चिकटून ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं आणि पुढे पुसताना त्रास देते. उजव्या हाताची बटणं घ्या, वाय यू आय ओ पी, एच जे के एल, एन एम, आणि खालच्या ओळीतले सी व्ही बी. यांच्यावर सरळ व्यंजनं आहेत.

आता समजा हे सगळं केलंय, तरी भाषा बदलल्यावर पहिला शॉर्टकट फुकट जातो आणि दुसऱ्यांदा टाइप केला की चालतो. याने लोक फार वैतागतात कारण "कधी चालतं कधी नाही" असं वाटतं. कारण साधं आहे. विंडोजवर एस्पान्सो सध्याचा कीबोर्ड कुठला आहे ते थोडा वेळ लक्षात ठेवतो, दर अक्षराला विंडोजला विचारत नाही. हा वेळ मुळात २००० मिलिसेकंद, म्हणजे २ सेकंद आहे. तुम्ही विंडोज आणि स्पेस दाबून मराठीवर गेलात आणि लगेच शॉर्टकट मारला तर त्याच्या लेखी अजून इंग्लिशच चालू. कॉन्फिग फोल्डरमधल्या डिफॉल्ट फाइलमधे विन३२ कीबोर्ड लेआउट कॅश इंटरव्हल अशी एक ओळ टाकता येते (सगळे शब्द छोट्या अक्षरात, मधे अंडरस्कोर), तिथे आकडा कमी करा. माझ्यासारखं सतत भाषा बदलणाऱ्यांनी तर हे पहिल्या दिवशीच करावं.

याशिवाय काही छोटी कारणं. प्रोग्रॅम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू असेल तर साध्या हक्कावर चालणाऱ्या एक्सपांडरला विंडोज तिथे हात घालू देत नाही, काही अकाउंटिंग सॉफ्टवेअर अशीच चालवली जातात, तिथे एक्सपांडरपण ॲडमिन म्हणून चालवावा लागतो. शॉर्टकट अर्धा टाइप करून मधेच माउस क्लिक केला किंवा बाणाचं बटण दाबलं तर मोजणी परत पहिल्यापासून सुरू होते. मॅकवर पासवर्डच्या रकान्यात कर्सर असेल तर सिस्टिमच कोणाला टायपिंग बघू देत नाही, आणि कधी कधी रकाना सोडल्यावरही एखादा ब्राउझर किंवा पासवर्ड मॅनेजर ते कुलूप धरून ठेवतो, मग सगळीकडचे शॉर्टकट बंद. तो प्रोग्रॅम पूर्ण बंद करून उघडा.

आणि सगळेच शॉर्टकट एकदम गेले असतील तर कीबोर्डकडे बघूच नका, फाइल उघडा. एस्पान्सोची फाइल यामल पद्धतीची (सेटिंग साध्या मजकुरात लिहायची एक ठरलेली रीत) असते आणि त्यात मराठी नोटिशीला नडणारी एक खास खोच आहे. आपल्या नोटिशीत "विषय: वार्षिक सर्वसाधारण सभेबाबत", "दिनांक:", "स्थळ:" हे असतंच असतं, आणि यामलमधे कोलन व त्यामागे स्पेस याचा अर्थ नवीन सेटिंग सुरू झालं. रिप्लेसपुढे (शॉर्टकटच्या जागी काय यायचं ते तिथे लिहितात) हा मजकूर उघडा लिहिला की फाइल वाचताना चूक निघते आणि त्या फाइलमधले सगळेच शॉर्टकट जातात, त्या एका ओळीसाठी. मजकूर अवतरण चिन्हात घाला, किंवा मोठा असेल तर रिप्लेसपुढे कोलन, स्पेस आणि एक उभी रेघ देऊन खालच्या ओळीपासून आत सरकवून लिहा, मग आत कितीही कोलन येऊ देत. आत सरकवताना टॅब वापरायचा नाही, फक्त स्पेस, टॅब यामलला चालत नाही. अवतरण चिन्हं वर्डमधून कॉपी केलेली वळणदार नकोत, कीबोर्डवरची सरळ हवीत. (कोलनच्या जागी विसर्ग टाकून "विषयः" लिहिणारे बरेच आहेत, त्याने फाइल वाचली जाते खरी पण शुद्धलेखन जातं, कृपा करून तसं करू नका.) आणि सगळं एकाच फाइलमधे कोंबू नका. मॅच नावाच्या फोल्डरमधे नोटिसा वेगळ्या, पत्रं वेगळी, इंग्लिश मेल वेगळे अशा फाइली ठेवल्या की एक बिघडली तरी बाकीच्यांवर काम चालू राहतं.

ओळखतो, पण पुसताना घोळ

शॉर्टकट जितक्या अक्षरांचा तितके बॅकस्पेस, असा हिशोब असतो. इंग्लिशमधे हा हिशोब चुकत नाही. मराठीत "श्री" आपल्याला एक अक्षर दिसतं पण कॉम्प्युटरच्या हिशोबी ती चार चिन्हं आहेत: श, हलन्त, र आणि दीर्घ ईकार. बॅकस्पेस दाबल्यावर काही प्रोग्रॅम यातलं एकच चिन्ह काढतात आणि काही अख्खं जोडाक्षर काढतात. एक्सपांडरने चार बॅकस्पेस मारले आणि समोरच्या प्रोग्रॅमने पहिल्याच फटक्यात "श्री" उडवला तर उरलेले तीन बॅकस्पेस तुमच्या आधीच्या शब्दावर. म्हणून "श्रीमान"साठी "श्री" असले शॉर्टकट नकोत. मराठी शॉर्टकटमधे जोडाक्षर नाही, मात्रा नाही, अनुस्वार नाही, सरळ व्यंजनं. "लदम"मधे तीन अक्षरं, तीन चिन्हं, तीन बॅकस्पेस, कुठल्याही प्रोग्रॅममधे हिशोब जुळतो.

फोनेटिक वापरणाऱ्यांचं दुखणं वेगळं आहे. विंडोज १० मधे २०१९ च्या मे अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आलाय, इंग्लिश स्पेलिंग टाइप करा आणि मराठी शब्द निवडा असा. सोयीचा आहे, शिकायला काही लागत नाही. पण तिथे शब्द पूर्ण होईपर्यंत मजकूर अधांतरी असतो, खाली रेघ आणि बाजूला पर्यायांची यादी. एक्सपांडर मात्र खालची बटणं बघत असतो आणि त्याला इंग्लिश अक्षरंच दिसू शकतात, त्यामुळे तो शॉर्टकट ओळखतो, बॅकस्पेस मारतो, आणि ते बॅकस्पेस त्या अधांतरी शब्दावर पडतात. मागे काय उरेल याचा नेम नाही. इथे सेटिंगशी झटापट करण्यात मला अर्थ वाटत नाही. शॉर्टकट मारण्यापुरतं इंग्लिशवर या, किंवा टाइप करून बोलवायचंच नाही, एस्पान्सोची शोधायची खिडकी वापरा. ऑल्ट आणि स्पेस दाबलं की ती उघडते, त्यात नाव टाइप करायचं आणि एंटर. प्रत्येक मजकुराला लेबल देता येतं, लेबल मराठीत दिलं तरी चालतं. ऑल्ट-स्पेसला दुसरंच काही उघडत असेल तर बहुतेक मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमधलं रन नावाचं टूल चालू असेल, त्याचंही मूळ बटण तेच आहे, दोघांपैकी एकाचं बदला.

रिमोट डेस्कटॉपवर, म्हणजे इथून दुसरं मशिन चालवत काम करत असाल तर आणखी एक. तुमच्या मशिनवर एक्सपांडर आणि पलीकडच्या मशिनवरही एक्सपांडर असेल तर दोघेही धावतात, दोघेही पुसतात, दोघेही टाकतात. एक बंद ठेवा.

पुसतो नीट, पण येतं भलतंच

मघाशी कॉपी केलेलं काहीतरी नोटिशीच्या जागी येतं, हा प्रकार बघून लोकांना व्हायरस वाटतो. व्हायरस वगैरे काही नाही. एक्सपांडर मोठा मजकूर टाकताना आधी तुमच्या क्लिपबोर्डवरचं (म्हणजे शेवटचं कॉपी केलेलं) बाजूला ठेवतो, तिथे नोटीस ठेवतो, कंट्रोल व्ही मारतो आणि थोडं थांबून तुमचं जुनं परत जागेवर ठेवतो. हे थांबणं मुळात ३०० मिलिसेकंदांचं आहे. मशिन जुनं असेल, वर्डची फाइल जड असेल किंवा ब्राउझरमधे वीस टॅब उघडे असतील तर पेस्ट व्हायच्या आत जुनं परत येऊन बसतं आणि तेच पेस्ट होतं. डिफॉल्ट फाइलमधे रिस्टोर क्लिपबोर्ड डिले नावाचं सेटिंग वाढवा, ६०० करून बघा, तरी होत असेल तर १०००. पेस्टच्या आधीचं थांबणं वाढवायला प्री पेस्ट डिले आहे. अर्धा सेकंद जास्त लागला तरी चालेल, सभासदाला जाणाऱ्या पत्रात बँकेचा खाते नंबर पेस्ट झालेला चालणार नाही.

मात्रा गळण्याचं कारण याच्या उलट बाजूला आहे. एस्पान्सो १०० अक्षरांपर्यंतचा मजकूर एकेक अक्षर टाइप केल्यासारखा टाकतो आणि त्याहून मोठा असेल तर पेस्ट करतो. त्यामुळे अख्खी नोटीस सुबक येते आणि "आपला विश्वासू" मात्र तुटका येतो, असं काही दिसलं तर समजून जा. अक्षरं फार वेगाने आली की काही प्रोग्रॅम मधली गाळतात, इंग्लिशमधे एक अक्षर गेलं तर लक्षात येतं पण मराठीत एखादा अनुस्वार गेला तर नजरेतून सुटतो आणि तसाच छापला जातो. मराठी मजकुराला सरसकट पेस्टच वापरा. त्या मजकुराखाली फोर्स मोड लिहून क्लिपबोर्ड द्या, किंवा डिफॉल्ट फाइलमधे बॅकएंडपुढे क्लिपबोर्ड लिहा म्हणजे सगळ्यांनाच लागू.

फक्त अपवाद आहे. काही पोर्टलवर रकान्यात पेस्टच करू देत नाहीत, तिथे काहीच येणार नाही. अशा ठिकाणी जाणाऱ्या मजकुराला फोर्स मोडमधे कीज द्या आणि इंजेक्ट डिले, की डिले थोडे वाढवा, हळूहळू टाइप होईल पण येईल.

अक्षरांऐवजी कचरा येत असेल तर तो कचरा नीट बघा, त्यात उत्तर असतं. नुसती प्रश्नचिन्हं आली तर फाइल अक्षरं साठवायच्या जुन्या एएनएसआय पद्धतीने, जिच्यात मराठी बसत नाही, सेव्ह झालीये आणि मराठी मजकूर गेलेला आहे, परत टाइप करण्यावाचून इलाज नाही. डोक्यावर तिरकी रेघ असलेले ए आणि विचित्र चिन्हं आली तर मजकूर शाबूत आहे, फक्त वाचणारा चुकीचा वाचतोय. ऑटोहॉटकीच्या पहिल्या व्हर्जनमधे हे हमखास होतं, त्याला फाइल यूटीएफ-८ विथ बीओएम (मराठीसकट सगळ्या भाषांची अक्षरं साठवणारी पद्धत) अशी सेव्ह केलेली लागते. नोटपॅडमधे सेव्ह ॲज करताना खाली एन्कोडिंग असतं तिथून निवडा. दुसऱ्या व्हर्जनला साधं यूटीएफ-८ पुरतं, नवीन सुरुवात करणाऱ्यांनी सरळ दुसरंच घ्यावं.

आणि इंग्लिश अक्षरांची निरर्थक माळ आली तर तुमचा मूळ मजकूर युनिकोडमधे (सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नाहीच. कृतिदेव किंवा श्रीलिपीतलं जुनं पत्र कॉपी करून एक्सपांडरमधे भरलं की हे होणारच, ते मराठी फक्त त्या फॉन्टमधे दिसतं, आत इंग्लिश चिन्हंच असतात. कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या आणि मग एकदा डोळ्याखालून घाला, जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात.

ऱ्य चं तेवढं बघाच

हे मी वेगळं लिहितेय कारण यात सॉफ्टवेअर अगदी बरोबर चालत असतं आणि मराठी चुकत असतं. "दुसऱ्या मजल्यावरील", "येणाऱ्या", "करणाऱ्या", असे शब्द आपल्या पत्रांत ओळीओळीला असतात. हा ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो. एक म्हणजे खालचं टिंब असलेला ऱ, हलन्त आणि य. इन्स्क्रिप्टमधे शिफ्ट-जे, डी आणि मग य. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त, एक न दिसणारं जोडचिन्ह आणि य. दिसायला दोन्ही सारखे. पण ते न दिसणारं चिन्ह काही फॉर्म आणि पोर्टल गाळून टाकतात, आणि मग "दुसऱ्या"चा "दुसर्या" होतो, सूर्यातल्यासारखा रफार डोक्यावर. एकदा एक्सपांडरमधे चुकीचा भरला की तो प्रत्येक पत्रात जाणार, वर्षभर. व्हॉट्सॲपवरून किंवा पीडीएफमधून मजकूर उचलून भरलाय त्यांनी असे सगळे शब्द पुसून ऱ ने परत टाइप करा. पीडीएफमधून उचललेल्या मजकुरात ऱ्हस्व इकारही अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसतो, तो पण बघा.

फोनवर वेगळं ॲप घ्यायची गरज नाही. जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डमधे पर्सनल डिक्शनरी आहे, त्यात शब्दासमोर शॉर्टकट लिहिता येतो, आणि तो भाषेवार असतो, म्हणजे इंग्लिशमधे भरलेला मराठी कीबोर्डवर दिसला नाही तर नवल नाही, सर्व भाषांसाठी या पर्यायात भरा. आयफोनवर सेटिंग्जमधे जनरल, मग कीबोर्ड, मग टेक्स्ट रिप्लेसमेंट.

एक कळकळीने सांगायचंय. या फाइली साध्या उघड्या मजकुराच्या असतात, कोणीही नोटपॅडमधे उघडून वाचू शकतं. ऑफिसच्या मशिनवर पासवर्ड, आधार नंबर, सभासदांचे खाते नंबर यात अजिबात भरू नका, कितीही वेळ वाचत असला तरी. त्यासाठी पासवर्ड मॅनेजर असतात.

अजूनही अडलं असेल तर टर्मिनलमधे (आज्ञा टाइप करायची खिडकी) एस्पान्सो लॉग ही आज्ञा चालवा, फाइलमधली चूक असेल तर बहुतेक तिथेच दिसते. आणि विचारताना एवढं नक्की लिहा: विंडोज की मॅक, इन्स्क्रिप्ट की फोनेटिक, कुठल्या प्रोग्रॅममधे होतंय, साध्या नोटपॅडमधेही होतंय का, आणि शॉर्टकट मारल्यावर स्क्रीनवर नेमकं काय उरलं ते जसंच्या तसं. "चालत नाही" एवढंच लिहिलं तर ओळखण्यात घोळ आहे, पुसण्यात आहे की टाकण्यात, ते कळायला मार्ग नसतो.